उभ्या गाडीचं पाणी

पिशोर,
१८ जानेवारी २०२५

चि. वैजनाथ,

आशीर्वाद. पत्र बघून तुला वाटेल, आक्काचा फोन बिघडला की काय. फोन चांगला आहे. पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते मधे कुणी बोललं तर राहूनच जाईल. म्हणून कागद. बन्सीची काळीपिवळी रोज शहागंजला येतेच, तो तुझ्या गॅरेजवर आणून देईल. उत्तर त्याच्याच हाती दे. विश्वजीतच्या मोबाइलवर काही पाठवू नको.

तर आपली जीप. दिवाळीपासून दारात उभी आहे. सुरू करायची तर ढकलायला माणसं गोळा करावी लागतात, आणि सुरू झाली की मागून नुसता पांढरा धूर. कन्नडचा मिस्त्री म्हणाला, "हेड गास्केट उडालंय बाई. लई जुनी झाली, भंगारात द्या आता." त्याला चहा न देता वाटेला लावलं.

पण मला विचारायचंय ते धुराचं नाही. गाडी जागची हलत नाही, तरी तिचं पाणी जातंय. रोज सकाळी उठल्यावर रेडिएटर वरपर्यंत भरायची ह्यांची सवय होती. भरलं की झाकण असं गच्च आवळायचे की दुसऱ्या कुणाला उघडायचं नाही. हे गेल्यापासून मी भरते. दुसऱ्या दिवशी बघावं तर तांब्याभर पाणी कमी. गाडी फिरती होती तोवर मी मनावर घेतलं नाही. आता ती उभी आहे, तरी तांब्याभर कमीच. उभ्या गाडीचं पाणी जातं का रे?

यंदा चैत्रात ह्यांना जाऊन बारा वर्षं होतील. सर्जेराव भाऊजींनी गुरुजींना विचारून ठेवलंय. बारा वर्षं माणूस सापडला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, पालाशविधी म्हणतात. थोरला भाऊ म्हणून त्यांचा जीव तुटतो हे मला कळतं. विश्वजीतही तयार झालाय. "आई, बाबांना गती नको का मिळायला," म्हणतो. पोटचा पोरगाच असं म्हणतो.

मी त्यांना एवढंच म्हटलं, आधी वैजनाथ गाडी बघेल. दुरुस्तीनंतर पाणी जायचं थांबलं तर करा तुमचा विधी, मी मधे येणार नाही. आणि नाही थांबलं, तर पुन्हा या घरात त्या विधीचं नाव काढायचं नाही. दोघांनी कबूल केलंय.

हसू नको.

तुझी आक्का


शहागंज, छत्रपती संभाजीनगर
२४ जानेवारी २०२५

सौ. आक्काला वैजनाथचा नमस्कार.

पत्र मिळालं. बन्सी वर माझाच चहा पिऊन गेला. हसलो नाही. थोडं हसलो, पण ते "आधी वैजनाथ गाडी बघेल" यावर. मला न विचारता कामं माझ्या गळ्यात मारायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे.

आता नीट वाच, कागदावर मी मधे बोलू शकत नाही तसं तुलाही बोलता येणार नाही. इंजिनाचे दोन भाग, खाली ब्लॉक आणि वर हेड. त्यांच्यामधे दाबून बसवलेलं असतं ते गास्केट. एकीकडे जाळ, एकीकडे पाणी, एकीकडे ऑइल, कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही एवढं बघायचं त्याचं काम. ते जळालं की पाण्याला वाट फुटते. ते सायलेंडरमधे जातं आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतं, नाहीतर खाली ऑइलमधे उतरतं. गाडी उभी असली तरी झिरपतं. तेव्हा जातं आक्का, उभ्या गाडीचं पाणी जातं.

तुझ्या मनात काय आहे ते तू लिहिलं नाहीस, पण मी तुझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा आहे. काकासाहेब दाजी घाटात गाडीसाठी पाणी आणायला म्हणून गेले आणि परतले नाहीत. आता त्यांच्याच गाडीचं पाणी कमी होतंय, म्हणजे तेच येऊन पितात. असंच ना? दाजी मलाही प्रिय होते. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. पण गास्केटचा दोष त्यांच्यावर टाकू नको.

मी यायच्या आधी तीन गोष्टी बघून ठेव. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघ, दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी ऑइलमधे जातंय. गाडीखाली काहीतरी पसरून ठेव, थेंब पडतो का कळेल. आणि विश्वजीतला गाडी सुरू करायला लावून रेडिएटरमधे बघ, बुडबुडे येतात का. तिन्हीपैकी एक तरी सापडेल. पैज लावतो.

तुझा वैजनाथ


पिशोर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. वैजनाथ,

पैज हरलास.

ऑइल काजळासारखं काळं आहे, दुधाचा मागमूस नाही. बुडबुडे नाहीत. विश्वजीत आणि मी दोघांनी वाकून बघितलं. गाडीखाली आणि भोवती मी ज्वारीचं पीठ चाळणीनं पसरलं, थेंब पडला तर लगेच दिसावा म्हणून. सकाळी पीठ खडखडीत कोरडं होतं. आणि पाणी तांब्याभर कमी.

पिठाबद्दल आणखी एक सांगायचं होतं, पण राहू दे. तू आल्यावर बघू.

एक मात्र सांगते. माझे हात आता दुखतात, मी रेडिएटरचं झाकण हलकंच लावते. सकाळी ते गच्च असतं. विश्वजीतला बोलवावं लागतं उघडायला. तो म्हणतो, "आई, तूच आवळती अन् तूच इसरती."

तू म्हणालास दाजी पाणी आणायला गेले. तू तिथं नव्हतास, मी होते. चाळीसगावचं लग्न उरकून आम्ही परत येत होतो. घाट निम्मा चढला आणि गाडीनं वाफ सोडली. तो दुष्काळाचा चैत्र तुला आठवत असेल, शहरात तुम्ही नळाची वाट बघत होता, इथं आम्ही टँकरची. ह्यांनी रिकामा कॅन घेतला. मी म्हटलं, मीही येते. तर म्हणाले, "तू बस गाडीत, म्या पाणी घेऊन येतो." मी डावीकडच्या सीटवर बसून राहिले. ते वळणावरून खाली उतरताना दिसले आणि मग दिसले नाहीत. ऊन कललं तेव्हा एका ट्रकवाल्यानं गाडी ओढून आणली, माझ्यासकट. पुढं लोकांनी दरी पिंजून काढली तर ह्यांची एक चप्पल सापडली, एवढंच. त्या वर्षी त्या डोंगरात पाणी नव्हतंच रे कुठं. ते कुठवर गेले असतील?

माणूस मेला हे कळलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. मला कुणी तसं सांगितलेलं नाही. पळसाच्या पानांना अग्नी देऊन ते मला कसं कळणार?

लवकर ये. पळस फुलायला लागलाय, आणि भाऊजी त्याच्याकडं बघत असतात.

तुझी आक्का


शहागंज,
२ मार्च २०२५

सौ. आक्काला नमस्कार.

तुझ्याकडची भाकरी आणि ठेचा अजून जिभेवर आहे. हेड मी गाडीत टाकून आणलं ते इथं शेजारच्या रशीद उस्तादकडं दिलं. गास्केट जळालं की हेडचा तळही वाकतो, तो मशीनवर सपाट करून घ्यावा लागतो, नाहीतर नवं गास्केट चार दिवसांत जातं. ते काम झालं.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. जुनं गास्केट मी उजेडात धरून बघितलं. पाण्याच्या वाटेपाशीच जळालंय, चांगलं बोट जाईल एवढं. पाणी तिथून सायलेंडरमधे जात होतं. पांढरा धूर तोच. ऑइलमधे उतरत नव्हतं म्हणून तुला दूध दिसलं नाही. झालं, संपलं. इतकी साधी गोष्ट होती.

मी रविवारी नवं गास्केट घेऊन येतो. आता एक ऐकायचं. यापुढं साधं पाणी घालायचं नाही. साध्या पाण्यानं आतून गंज धरतो. मी हिरवं कुलंट भरून देईन, ते वर्षभर बदलावं लागत नाही. तुझा तांब्या बंद. रोज सकाळी झाकण काढून फक्त बघायचं. रंग असल्यामुळं कमी झालं तर लगेच कळेल, आणि कुणी गुपचूप पाणी घातलं तरी कळेल. हे तुलाच म्हणतोय.

मन घट्ट कर आक्का. विश्वजीत मला अंगणाबाहेर नेऊन म्हणाला, "मामा, आई त्या गाडीपुढं रोज तांब्या घेऊन उभी राहते, मला बघवत नाही." पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचाही बाप गेलाय.

तुझा वैजनाथ


पिशोर,
१३ एप्रिल २०२५

चि. वैजनाथ,

गाडी चावी फिरवली की सुरू होते. विश्वजीत देवगाव रंगारीच्या बाजाराला जाऊन आला, धूर नाही की धाप नाही. गावात सगळे तुझं नाव घेतात. मीही घेते.

पाणी जायचं थांबलं.

तू गेलास त्या दिवसापासून मी रोज सकाळी झाकण काढते. हिरवं तसंच. केसभर खाली नाही. झाकणही मी लावते तसंच हलकं असतं. आता विश्वजीतला हाक मारावी लागत नाही. मला वाटलं होतं की जीव हलका होईल. उलट घरातून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतंय. बारा वर्षांत मी एकदाही अशी रडले नव्हते, ती या आठवड्यात रडले. चुलीपाशी बसून, धुराचं निमित्त करून.

शब्द दिला तो दिला. विधी चैत्र अमावस्येला, २७ तारखेला, नदीकाठी. मी भाऊजींना हो म्हटलंय. त्यांनी माझ्या पाया पडायला हात पुढं केले, एवढा मोठा माणूस. मी मागं सरले.

आता लपवायचं कारण उरलं नाही, म्हणून पिठाचं सांगते. त्या सकाळी पीठ कोरडं होतं हे खरं. पण त्यावर पावलं होती. फाटकाकडून गाडीच्या तोंडापर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती. एक पाऊल चपलेचं होतं, एक अनवाणी.

विश्वजीत उठायच्या आत मी खराट्यानं झाडून टाकलं. आता तूच म्हणतोस सगळं गास्केटमुळं होतं, तर तेही काहीतरी असेल. कुणी वाटसरू आला असेल.

विधीला तू आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी रागावणार नाही.

तुझी आक्का


शहागंज,
२६ एप्रिल २०२५

आक्का,

विधी थांबव.

तुला सकाळपासून फोन लावतोय, तो विश्वजीत उचलतो आणि म्हणतो आई बोलत नाही. त्याच्याजवळ हे बोलता येत नाही. अंगात ताप आहे, नाहीतर मीच आलो असतो. बन्सीला बजावून सांगितलंय, पत्र आजच्या आज तुझ्या हातात पडलं पाहिजे.

मी तुला खोटं लिहिलं. गास्केट पाण्याच्या वाटेपाशी जळालेलंच नव्हतं. दोन आणि तीन नंबरच्या सायलेंडरच्या मधे जळालं होतं. त्यामुळं दोघांचा दाब एकमेकांत जायचा, गाडी उचलायची नाही, आणि अर्धवट जळालेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर यायचं. तो पाण्याचा धूर नव्हताच. रशीद उस्तादनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "वैजूभाई, पानी का रास्ता तो एकदम सलामत है. गाडी पानी पीती थी बोलते, तो फिर जाता किधर को था जी?" मी त्याला काहीतरी बोलून गप्प केलं.

तुझ्या अंगणात हेड उघडलं तेव्हाच मी सायलेंडरमधे बोट फिरवून बघितलं होतं. कोरडे होते. ऑइलचं चेंबर सोडलं, त्यातून पाण्याचा थेंब आला नाही. इतक्या वर्षांचं रोजचं तांब्याभर पाणी त्या इंजिनात कुठंच नव्हतं. मी इतकी इंजिनं उघडली, असं कधी बघितलं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं तर तू उरलेला जन्म त्या गाडीपुढं उभी राहशील. तुझी सुटका व्हावी म्हणून लिहिलं.

आणि त्याहून मोठी चूक दुसरी. तुझं पावलांचं पत्र वाचल्यापासून तीच डोक्यातून जात नाही. पाणी जायचं थांबलं ते गास्केटमुळं थांबलंय असं कोण म्हणेल? मी पाणीच काढून घेतलं होतं. कुलंट भरलं होतं. ते विषारी असतं आक्का, त्याच्या रंगानंच माणूस तोंड फिरवतो. तहानेला माणूस ते पिणार नाही.

हे मी लिहितोय यावर माझा विश्वास बसत नाही. पण दाजींच्या तोंडचं पाणी मी तोडलं असेन, आणि तू माझ्या शब्दावर त्यांना उद्या अग्नी देणार असशील, तर मला पुन्हा त्या घरात पाय ठेवता येणार नाही. थांबव. हिरवं सगळं काढ आणि साधं पाणी भर. मग काय ते ठरव.

वैजनाथ


पिशोर,
२९ एप्रिल २०२५

चि. वैजनाथ,

आशीर्वाद. ताप उतरला का? काढा घे आणि दोन दिवस गॅरेज बंद ठेव.

तुझं पत्र मला काल मिळालं, विधी परवा झाला. बन्सीवर चिडू नको. तो गावात आल्या आल्या भाऊजींनी त्याला पळसाची पानं आणायला माळावर धाडलं, आणि पत्र त्याच्या खिशातच राहिलं. काल सकाळी आठवलं तसा पळत आला, अगदी रडवेला झाला होता.

पुतळा छान बांधला होता. पानांचे देठ जोडून हात, पाय, छाती. तोंडाच्या जागी नारळ. विश्वजीतनं अग्नी दिला. मंगळसूत्र मीच काढलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता कालच्या सकाळचं. तांब्या बंद झाला तरी पाय सवयीनं गाडीकडं गेले. झाकणाला हात घातला तर ते गच्च. विश्वजीतला हाक मारली. त्यालाही हातानं उघडेना, त्यानं पाना आणला.

आत हिरवं नव्हतं. गळ्यापर्यंत स्वच्छ पाणी होतं. एप्रिलचं ऊन, पण पाणी असं गार की बोटं आखडली. हिरव्याचा थेंब गाडीखाली नाही, अंगणात नाही, कुठं गेलं ते तू मिस्त्री आहेस, तूच सांग. मी थोडं जिभेवर घेतलं. आपल्या विहिरीचं नव्हतं, नळाचंही नव्हतं. दगडातून आलेल्या पाण्याला चव असते तशी होती.

विश्वजीत म्हणाला, "म्या नाय भरलं आई. तुझी शपथ." मी म्हटलं, "तुझ्या बापानं भरलं. पाणी घेऊन येतो म्हणून गेले होते." तो मडगार्डला टेकून खालीच बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मी त्याला जवळ घेतलं. किती वर्षांनी घेतलं ते आठवत नाही.

तेव्हा तू स्वतःला दोष देऊ नको. इथं येऊन पीत होते ते खरं असेल. तहानेल्या माणसाला घरचं तांब्याभर मिळत होतं, त्यावर ते पुन्हा शोधायला जात असतील. कबूल केलेलं पुरं केल्याशिवाय ते कुठून मोकळे होणार? विधीनं मोकळे झाले की पाणी सापडल्यानं, ते मला माहीत नाही. मला आता त्याचं काही वाटत नाही.

विश्वजीत घरात गेल्यावर मी डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. "तू बस गाडीत," म्हणाले होते ना. दुपार होईपर्यंत बसले. गाडी सुरू झाली नाही. मग माझ्या लक्षात आलं की ह्यांनी पाणी आणायचं कबूल केलं होतं, ते आणलं. पुढं गाडी कोण नेणार, हे काही बोलले नव्हते.

मी उतरले, फिरून पलीकडून चढले आणि ह्यांच्या जागी बसले. पाय पोचतात. चाक हाताला जड लागत नाही. त्या दिवशीचा अर्धा घाट राहिलाय वैजनाथ, तो मला चढायचाय. ह्यांनी तुला शिकवलं तसं तू मला शिकव. गाडी थोडी चालली की हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात असं तू जाताना म्हणाला होतास, त्यासाठी येणारच आहेस. येताना कुलंट आणू नको.

पत्रावर या वेळी तू सौ. लिहिलं नाहीस. घाईत राहिलं असेल, किंवा मुद्दाम. तू लिहीत जा. मला चालतं.

आणि शिकवायला बसशील तेव्हा मागं बस. डावीकडची सीट मी उतरले तेव्हा कोरडी होती. मी पलीकडून चढले तर ती ओली होती. आज सबंध दिवस गाडी उन्हात आहे, दोन्ही दारं उघडी ठेवलीत, तरी वाळत नाही.

तुझी आक्का